खेळ एका दिवसाचा, दान कायमचे

दान गुपचूप करावे, या हाताचे त्या हाताला कळू नये, अशी शिकवण आपल्याला घरोघरी मिळते. पण आपल्या इतिहासातली जुनी दाने पाहू गेले तर ती मुळीच गुपचूप केलेली नाहीत. ती डोंगर फोडून, दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येतील अशा अक्षरांत कोरून ठेवलेली आहेत. कोणी दिले, काय दिले, कोणाला दिले, त्याचे व्याज किती आणि ते कशावर खर्चावयाचे, हे सगळे तिथे लिहिलेले सापडते. शिकवण एक आणि व्यवहार दुसरा, असे हे दिसते खरे. पण या व्यवहारामागे मोठे शहाणपण होते. ते शहाणपण समजून घ्यावयाचे तर आजच्या एका अगदी निराळ्या आणि थोड्याशा चैनीच्या प्रकारापासून सुरुवात केलेली बरी. तो प्रकार म्हणजे समुद्रकाठच्या हिरवळीवर शनिवार-रविवारी भरणारी धर्मादाय गोल्फ स्पर्धा.

हा सोहळा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. एखाद्या इस्पितळासाठी, अनाथाश्रमासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी पैसा उभा करावयाचा असतो. खेळाडू प्रवेशशुल्क भरतात. व्यापारी मंडळी एकेका होलपाशी आपली पाटी लावण्यासाठी रक्कम देतात. संध्याकाळी जेवणाआधी काही वस्तूंचा लिलाव होतो. खेळणारे थोडे, पण येणारे पुष्कळ. आजी-आजोबा छत्रीखाली खुर्च्या टाकून बसतात, मुलांसाठी जवळच्या जवळ चेंडू ढकलण्याची चढाओढ असते, आणि ज्यांना खेळातले काही कळत नाही त्यांना निदान वारा आणि खाणे मिळते. चौघाचौघांच्या तुकड्या एकाच वेळी निरनिराळ्या होलांवरून खेळावयास लागतात, म्हणजे सगळे साधारण एकाच वेळी परत येतात आणि पंगत एकदम बसते. यजमानाची सोय पाहणारी ही योजना कोणाही मराठी गृहिणीला पटकन समजेल.

या खेळात एक नियम आहे, तो मात्र इतर खेळांना हेवा वाटावा असा. कच्च्या खेळाडूला पक्क्याबरोबर खेळता यावे म्हणून त्याला ठरावीक फटक्यांची सूट देतात. तिला हँडिकॅप म्हणतात. मैदान ७२ फटक्यांचे असेल आणि एखाद्याची सूट २० असेल, तर त्याचे ९२ फटके हे पट्टीच्या खेळाडूच्या ७२ च्या बरोबरीचे धरतात. ज्याची त्याची ऐपत पाहून हिशेब मांडावयाचा आणि मग सर्वांना एका पंक्तीत बसवावयाचे, हे तत्त्व दानधर्माला किती जवळचे आहे! बाप आणि लेक, साहेब आणि कारकून एकाच तुकडीत खेळू शकतात ते यामुळे.

हा खेळ समुद्रकाठीच का वाढला, यालाही कारण आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेते यांच्या मध्ये वाळूचा एक पट्टा असतो. तो नांगरता येत नाही. त्यावर खुरटे गवत उगवते, मेंढ्या चरतात आणि वाऱ्याने खळगे पडतात. त्या भाषेत अशा जमिनीला लिंक्स म्हणतात. जी जमीन पिकाच्या कामाची नाही, ती खेळाच्या कामी आली. वाळूचे खळगे हेच पुढे गोल्फमधले बंकर झाले. लोक या खेळाच्या इतके नादी लागले की १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने त्यावर बंदी घातली. कारण धनुर्विद्येचा सराव मागे पडू लागला होता. बंदी टिकली नाही, खेळ टिकला.

सेंट अँड्र्यूज या गावची हकीकत तर विशेष आहे. १५५२ च्या एका सनदेत तिथल्या धर्माध्यक्षाने गावकऱ्यांचा या किनारपट्टीवर गोल्फ आणि चेंडूचे इतर खेळ खेळण्याचा हक्क मान्य केला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस गावचा खजिना रिकामा झाला आणि ही जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान पोखरले. खेळणारे आणि ससेवाले यांचे तंटे कित्येक वर्षे चालले. शेवटी १८२१ मध्ये एका गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जमीन विकत घेतली तेव्हा खेळ वाचला. १८९४ साली कायदा होऊन ती गावाच्या ताब्यात आली. आज जगातले हे सर्वांत नावाजलेले मैदान रविवारी खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावातली माणसे मुलाबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन त्याच हिरवळीवर फिरावयास जातात. किनारा खेळाडूंचा खरा, पण त्याआधी तो गावाचा, ही आठवण तिथे दर आठवड्याला ताजी होते.

हिंदुस्थानात हा खेळ साहेबाबरोबर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. आज कुलाब्याच्या टोकाला लष्करी मंडळींच्या क्लबाचे मैदान अगदी समुद्राला लागून आहे आणि चेंबूरला १९२७ सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. नाशकातही साहेबांनी गोल्फ खेळला. ती जागा शहराच्या मध्याशी अजून आहे आणि जुनी माणसे तिला गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. पण तिचे आजचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ च्या डिसेंबरात ज्या तरुणाने कलेक्टर जॅक्सनवर नाटकगृहात गोळी झाडली, त्याचे नाव साहेबांच्या खेळाच्या मैदानाला मिळाले. तिथे आता क्रिकेटचे सामने होतात. इतिहास असा कधीकधी स्वतःच पाट्या बदलतो.

गोल्फला धर्मादायाची जोड मिळाली ती मोठ्या प्रमाणावर पहिल्या महायुद्धात. नेहमीच्या स्पर्धा बंद पडल्या होत्या आणि इस्पितळे जखमींनी भरली होती. तेव्हा नामांकित खेळाडूंनी रेडक्रॉससाठी सामने खेळावयास सुरुवात केली. अमेरिकेत १९१७-१८ मध्ये गावोगाव हिंडून असे सामने खेळणाऱ्यांत बॉबी जोन्स नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता आणि त्याच्याबरोबर अलेक्सा स्टर्लिंग ही अमेरिकेची महिला विजेतीही होती. पुढे गायक बिंग क्रॉस्बी याने १९३७ मध्ये हौशी आणि धंदेवाईक खेळाडूंना जोडीने खेळविणारी एक स्पर्धा सुरू केली. १९४७ पासून ती कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या खडकाळ किनाऱ्यावर भरू लागली आणि तिचे उत्पन्न धर्मादायाकडे जाऊ लागले. समुद्रकिनारा, सुट्टीचे दिवस, कुटुंबासह आलेले प्रेक्षक आणि शेवटी एखाद्या संस्थेच्या हाती ठेवलेली रक्कम, हा साचा तिथे पक्का झाला. आपल्याकडच्या स्पर्धा त्याच साच्यातल्या.

आता कोणी म्हणेल, या परक्या चैनीचा आणि वसईचा संबंध काय? वसई म्हटले की किल्ला आठवतो, चिमाजी आप्पा आठवतात, राजेळी केळी आणि सुकेळी आठवतात, पानवेली आणि फुलांच्या वाड्या आठवतात; गोल्फ काही आठवत नाही. हे खरे. पण अर्नाळ्यापासून राजोडी, कळंब, भुईगाववरून वसईपर्यंत जो वाळूचा आणि सुरूच्या झाडांचा पट्टा आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी मुंबईची कुटुंबे लोटतात. आणि दानाचे म्हणाल, तर हिंदुस्थानात ज्या किनाऱ्यांच्या दानांची लेखी नोंद सर्वांत जुनी आहे, त्यांपैकी हा एक आहे.

ती नोंद वसईत नाही, नाशकात आहे. त्या गोल्फ क्लब मैदानापासून काही मैलांवर पांडवलेणी आहेत. त्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले. त्यांत शूर्पारकाचे, म्हणजे आजच्या वसई-विरारमधल्या नालासोपाऱ्याचे, नाव येते. सोपारा त्या काळी मोठे बंदर होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या बुरूड राजाच्या कोटात खणून स्तूप आणि त्याच्या पोटातला अवशेषांचा करंडक बाहेर काढला, तेव्हा या गावाचे प्राचीनत्व डोळ्यांना दिसले. त्याच वर्षी अशोकाच्या शिलाशासनाचा तुकडाही तिथे मिळाला.

उषवदाताने या बंदरात काय केले? प्रवाशांना राहावयास चौसोपी घरे आणि निवारे बांधले, बागा लावल्या, तळी आणि विहिरी खोदल्या. या किनाऱ्यावरच्या नद्यांवर त्याने फुकट तरी ठेवल्या. त्या नद्यांच्या यादीत दमण आहे, तापी आहे आणि डहाणुका, म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यातली डहाणूची नदीही आहे. नदीच्या दोन्ही काठांवर बसावयास जागा आणि प्यावयास पाण्याची सोय केली. सोपाऱ्याच्या रामतीर्थावरच्या आणि आणखी तीन ठिकाणच्या परिव्राजकांच्या संघांना त्याने नानंगोल गावचे ३२,००० माड दिले. हे नानंगोल म्हणजे आजचे नारगोळ असावे असा तर्क आहे. माड देणे याचा अर्थ नीट पाहावा. नारळ देणे म्हणजे एका दिवसाचे दान. माड देणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे. ज्याच्या दारी माड आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

याच लेण्यात दुसरा एक लेख आहे, तो तर जमाखर्चाच्या वहीतले पान वाटावे असा. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी उषवदाताने ३,००० कार्षापण ठेवले. पण भिक्षूंच्या हाती दिले नाहीत. गोवर्धन, म्हणजे नाशिकजवळच्या गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ते ठेव म्हणून दिले. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला कोणी हात लावावयाचा नाही. फक्त व्याज वापरावयाचे. पहिल्या ठेवीतून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे. कोणीही गणित करून पाहावे. दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस; वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कवडी इकडची तिकडे नाही. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. आणि हे सर्व नगरसभेत वाचून दाखविले आणि नोंदीच्या फलकावर लिहून ठेविले, असे लेखच सांगतो.

आरंभी ज्या शहाणपणाचा उल्लेख केला ते हेच. दगडावर कोरले ते केवळ मोठेपणासाठी नव्हे. उद्या व्याज थांबले तर भिक्षूने भिंतीकडे बोट दाखवावे, यासाठी. दानाची जाहिरात ही दात्याची फुशारकी असू शकते, तशीच ती घेणाऱ्याच्या हातातली सनदही असू शकते. जाता जाता घरच्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याच लेण्यात उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने स्वतःच्या नावाने एक ओवरक, म्हणजे खोली, दिल्याचा लेख आहे. आपली देवळातली ओवरी ती हीच. दान कुटुंबाने मिळून करावयाची रीतही अशी जुनी आहे.

पुढे दीड हजार वर्षांनी या किनाऱ्यावर दानाची दुसरी तऱ्हा आली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि तिथे त्यांचे भरभराटीचे नगर उभे राहिले. लिस्बनला १४९८ मध्ये राणी लिओनोरच्या आश्रयाने मिझेरिकॉर्दिया नावाचा दयासंघ निघाला होता. पोर्तुगीज जिथे गेले तिथे त्याची शाखा गेली. तशी ती वसईलाही होती. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा, कैद्याची भेट, मृताला मूठमाती, अशी कामे नेमून दिलेली. पैसा यावयाचा तो राजाच्या अनुदानातून आणि श्रीमंतांच्या मृत्युपत्रांतून. व्यवस्था चोख होती. पण त्या श्रीमंतांच्या संपत्तीचे मूळ वसईच्या आसपासच्या गावांच्या खंडात होते, आणि तो खंड भरणारा शेतकरी कोटाच्या बाहेर होता. पैसा त्याच्या घामाचा, दान दुसऱ्याच्या नावाचे. १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी किल्ला घेतला, फिरंगी गलबतांत बसून गेले आणि राज्याबरोबर तो दयासंघही गेला. आज किल्ल्यात देवळांच्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांवर वडाच्या पारंब्या.

मराठ्यांचे दान नवसाचे होते. किल्ला हाती आला तर देऊळ बांधीन असे चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला बोलल्याचे सांगतात. देऊळ उभे राहिले. वसई घेताना किती माणसे पडली हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या देवळाच्या पायऱ्या चढताना जरा थांबतो. तिथली यात्रा अजून भरते, दुकाने लागतात, गरम पाण्याच्या कुंडांवर गर्दी होते. यात्रा म्हणजे तरी काय? कुटुंबाने एकत्र जावयाचे, थोडा देवधर्म, थोडी मौज, थोडी खरेदी आणि पेटीत चार पैसे. धर्मादाय स्पर्धेचा सोहळा हा याच यात्रेचा नव्या पोशाखातला धाकटा भाऊ आहे. तेव्हा त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही.

पण तीन तऱ्हांची दाने एका ओळीत मांडली की त्यांतून एक कसोटी हाती येते, आणि ती कसोटी स्पर्धेलाही लावली पाहिजे. पहिला प्रश्न असा, की सोहळ्यानंतर काय उरते? मंडप, जेवण, टोप्या आणि बक्षिसे यांचा खर्च वजा जाता जे संस्थेच्या हाती पडते ते खरे दान; बाकीची मौज. मौज वाईट नव्हे, पण तिला दान म्हणू नये. उरलेली रक्कम एका वर्षात संपली की पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धेची वाट पाहावी लागणार. तिचा काही भाग मुद्दल म्हणून राहिला आणि व्याजातून एखाद्या मुलीचे शिक्षण होत राहिले, तर तो माड झाला. दुसरा प्रश्न, हिशेब कोठे वाचला जातो? १९५० च्या विश्वस्त संस्थांच्या कायद्याने धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आणि तपासलेले हिशेब सक्तीचे झाले, हे ठीकच आहे. पण उषवदाताने तो नगरसभेत वाचून दाखविला. ज्या कुटुंबांनी सुट्टीचा दिवस आणि पैसा दिला, त्यांना पुढच्या वर्षी दोन ओळींचा हिशेब मिळाला तर ती पुन्हा आनंदाने येतील.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तो वसईचा आहे. जमीन कोणाची, पाणी कोणाचे? अठरा होलांच्या मैदानाला साधारण शंभर ते दीडशे एकर जमीन लागते आणि ती हिरवी ठेवावयास रोज पाणी लागते. स्कॉटलंडात निसर्गाचा पाऊसच हे काम करतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर आठ महिने ते पाणी कोठून तरी आणावेच लागणार. वसईच्या वाड्या विहिरींवर जगल्या. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इमारतींची लाट आली, टँकरने पाणी जाऊ लागले, तेव्हा वाडवळ, सामवेदी, भंडारी, कोळी अशा साऱ्यांच्या मनांत धास्ती उभी राहिली. हरित वसई संरक्षण समिती त्यातून निघाली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे जे अध्यक्ष झाले तेच हे. २०२४ मध्ये ते गेले. त्यांनी मांडलेला प्रश्न गेला नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, माणसे वाढली, आणि किनारा होता तेवढाच राहिला.

म्हणून किनाऱ्यावरचा कोणताही खेळ, तो गोल्फ असो की दुसरा, आधी किनाऱ्याला विचारून खेळला पाहिजे. सेंट अँड्र्यूजच्या लोकांना हे उमगले आहे. मैदान गावाचे, खेळ पाहुणा. आणि खेळाच्या आतही एक दार उघडावयाचे असते. आपल्या देशात इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय धंदेवाईक खेळाडू अली शेर, १९९१ साली. तो दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहून खेळ शिकला. कलकत्त्याच्या मैदानावर गवत राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने हीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकली. त्यांना कोणी लिलावात मदत दिली नव्हती. कुंपणाच्या आत शिरावयास मिळाले आणि काठी हातात धरावयास मिळाली, एवढेच. कित्येक वेळा मोठे दान म्हणजे एवढेच असते.

तेव्हा येत्या सुट्टीत अशा एखाद्या स्पर्धेचे बोलावणे आले तर मुलांना घेऊन अवश्य जावे. वारा खावा, चेंडू हरवला तर हसावे, लिलावात बोली करावी. फक्त परतताना यजमानांना एवढे विचारावे, की आजच्या दिवसातून किती माड लागले? दोन हजार वर्षांपूर्वी सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेल्या प्रवाशाला हा प्रश्न पडला नसता. पाणी प्यावयास विहीर समोर होती, आणि नदी ओलांडावयास तर उभी होती.